मलिदा तोरात नाही, मग तो ज्यू कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळ गाव पेणच्या बाजूचं, आता इस्राएलात अश्दोदला. पुढच्या महिन्यात लग्न. मेंदीच्या आदल्या संध्याकाळी मलिदा, म्हणजे पोह्या-फळांचं ताट मांडून प्रार्थना, झालाच पाहिजे असा आजीचा हट्ट आहे. होणारं सासर मोरोक्कन. तिथल्या एका काकांनी सांगून टाकलं, ‘हे तोरात कुठेच नाही, हा तर मुसलमानांच्या दर्ग्यातला प्रसाद.’ (तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं.) आजी तेव्हापासून बोलत नाहीत. आणि तुम्ही विचारता, मलिदा खरोखर ज्यू आहे का?

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. मलिदा आला कुठून, हा इतिहासाचा प्रश्न. तो करायला हरकत आहे का, हा धर्माचा. काकांनी पहिल्याचं उत्तर दिलं आणि दुसराही त्यातच सुटला असं धरलं. आजींना दुसऱ्याचं उत्तर जन्मापासून ठाऊक आहे, म्हणून त्या पहिला विचारू देत नाहीत. माझ्या मते दोघंही अर्धे बरोबर आहेत.

आधी माझी बाजू सांगून ठेवतो. मी रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नाही. ठाण्या-रायगडातल्या घरांत गेली तीस-पस्तीस वर्षं मलिद्याच्या प्रार्थना म्हणत आलोय आणि पोरांना हिब्रूची अक्षरं शिकवतो. लग्नाच्या बाबतीत तुमच्या गावचे रब्बी काय म्हणतील ते माझ्या शब्दापेक्षा वरचढ, हे गृहीत धरा. शिवाय तुमच्याकडे मलिदा नक्की कसा करतात यावरही बरंच अवलंबून आहे. पेण, अलिबाग आणि मुंबई, तिन्ही ठिकाणचे मलिदे मी पाहिलेत, ते सारखे नसतात.

आता काकांचं म्हणणं. ‘मलिदा’ हा शब्द फारसी, ‘मालीदन’ म्हणजे चोळणं, कुस्करणं. दर्ग्यात मलिदा असतो हे खरंच. मराठीत तर बिचाऱ्या शब्दाची आणखी दुर्दशा झाली. कंत्राटात कोणी मलिदा खाल्ला अशी बातमी वाचली की माझी नात अजून हसते. आपल्या ताटात भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, गूळ किंवा साखर, वेलची, सुका मेवा, वर पाच प्रकारची फळं आणि गुलाबाचं फूल. यातलं काहीही यरुशलेमहून आलेलं नाही. पोहे कोकणचे, नारळ कोकणचा. हे मान्य करायला लाजायचं कारण नाही.

आपल्यातले काही जाणते याला दुसरी वंशावळ देतात. तोरातल्या लेवीयच्या दुसऱ्या अध्यायात ‘मिनहा’ नावाचं अन्नार्पण आहे: सपीठ, तेल आणि ऊद. सातव्या अध्यायात आभाराचं अर्पण आहे, त्यात भाकऱ्या. मलिदा त्याचीच आठवण, असं ते म्हणतात. मीही तरुणपणी हेच ठासून सांगायचो. आता सांगत नाही. मिनहातला मूठभर भाग याजक वेदीवर जाळायचा. इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं आणि वेदीच राहिली नाही. आपल्या ताटातलं काही जळत नाही, कोणापुढे ठेवलंही जात नाही. साम्य आहे, पण नातं सिद्ध करता येत नाही. आणि काकांनी लेवीय उघडून दाखवलं तर तुमचीच पंचाईत व्हायची. ही ढाल बाजूला ठेवा.

त्यापेक्षा ताटावरची नजर काढून कान द्या. मलिद्याला आपण काय म्हणतो? आधी शेमा, म्हणजे देव एकच ही आपली कबुली. मग ‘वयितेन लेखा’, म्हणजे इसहाकाने याकोबाला दिलेल्या आशीर्वादापासून सुरू होणारी वचनं. मग ‘एलियाहू हन्नाबी’चं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, गीत. मग झाडाच्या फळाची, जमिनीतल्या पिकाची, सुवासाची, ज्याची त्याची ब्राखा, म्हणजे देवाचे आभार मानणारं वचन. हे वयितेन लेखा आणि एलियाहूचं गीत जगभरातले ज्यू कधी म्हणतात? शनिवारी रात्री, शब्बाथ संपताना. तुमच्या मोरोक्कन काकांना दोन्ही पाठ असणार. मलिद्याला त्यांना बोलवा आणि नुसतं ऐकायला सांगा. ताट त्यांना परकं वाटेल, शब्दांपैकी एकही परका वाटणार नाही.

आता एक गोष्ट आजींना एवढ्यात सांगू नका. माझ्या अंदाजाने ताट जुनं आहे आणि शब्द नवे आहेत. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही कथा तुम्हाला माहीतच आहे. त्यानंतर कित्येक पिढ्या आपल्या लोकांकडे ना तोराची गुंडाळी होती, ना हिब्रू वाचता येत होतं. घाण्यावर तेल काढायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गाव ‘शनवार तेली’ म्हणायचं. आठव्या दिवशी सुंता, खवले आणि पर असलेलाच मासा, आणि शेमाची पहिली ओळ, एवढं राहिलं होतं. दावीद रहाबी नावाचा बाहेरचा ज्यू आला आणि त्याने बायकांना मासे रांधायला दिले. त्यांनी बिनखवल्यांचे बाजूला काढले, त्यावरून हे ज्यू आहेत हे त्याने ओळखलं, असं आपण सांगतो. हा रहाबी कोणत्या शतकातला यावर अभ्यासकांत एकमत नाही. कोणी हजार वर्षांपूर्वीचा म्हणतात, कोणी अठराव्या शतकातला कोचीनचा व्यापारी.

पक्क्या तारखा नंतरच्या आहेत. सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं ते १७९६ मध्ये. जुनी माणसं अजून त्याला ‘जुनी मशीद’ म्हणतात. कोचीनचे शिक्षक आले. १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन मुंबईत आला. आपल्या पोरांना ख्रिस्ती करण्याच्या आशेने त्याने त्यांना हिब्रू शिकवलं, मराठीतून हिब्रूचं व्याकरणही लिहिलं. पोरं हिब्रू शिकली, ख्रिस्ती मात्र जवळजवळ कोणी झालं नाही. पुढे मुंबईत, पुण्यात हिब्रू-मराठी हग्गादा (पेसाहच्या, म्हणजे वल्हांडणाच्या, रात्री वाचायच्या पोथ्या) छापल्या गेल्या, जोसेफ इझेकिएल राजपूरकरांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. मलिद्याचे आजचे शब्द या काळात ताटावर आले असावेत. त्याआधी ताट होतं, एलियाहूचं नाव होतं, आणि शेमा.

आपल्या सणांची जुनी नावं पाहिलीत की हे थर उघड दिसतात. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. योम किप्पूर म्हणजे दरफाळणीचा सण, दारं लावून घरात बसायचं म्हणून. पुरीमला होळीचा सण म्हणायचे. आव महिन्याच्या नवमीचा उपास म्हणजे बिरड्याचा रोजा, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं. एलियाहूच्या नावाने उरूस. एकाच घरात सण, रोजा आणि उरूस! शेजारी हिंदू होते, शेजारी मुसलमान होते, शब्द त्यांच्याकडून घेतले. पाळायचं काय ते मात्र आपलंच होतं.

इथवर आलात तर वाटेल, म्हणजे आपण भेसळ आणि बाकीचे शुद्ध. इथेच काका चुकतात.

तम्मूज महिन्याच्या सतरा तारखेला सगळे धार्मिक ज्यू उपास करतात, काकाही करत असतील. तम्मूज हे बाबेलच्या एका देवाचं नाव आहे. यहेज्केल संदेष्ट्याने मंदिराच्या उत्तर दारापाशी बायका त्याच तम्मूजसाठी रडताना पाहिल्या आणि संतापला. तोच शब्द आज आपल्या पंचांगात आहे. यरुशलेमच्या तल्मूदमध्ये (तल्मूद म्हणजे गुरुजनांच्या चर्चांचा संग्रह) साफ लिहिलंय की महिन्यांची नावं बाबेलहून परतणाऱ्यांबरोबर आली. तोराची गुंडाळी ज्या चौकोनी अक्षरांत लिहितात ती अक्षरंही तिकडचीच, अरामी. त्यांना ‘अश्शूरी’ असंच म्हणतात. त्याआधीची हिब्रू लिपी वेगळी होती, आज ती कोणत्याही सिनेगॉगात वाचली जात नाही.

पेसाहचं घ्या. तोरात निर्गमच्या बाराव्या अध्यायात काय आहे? कोकरू, बेखमीर भाकर, कडू भाजी, आणि दाराच्या चौकटीला रक्त. बस. चार प्याले नाहीत, डाव्या कुशीवर रेलून बसणं नाही, ‘आजची रात्र वेगळी का’ हा पोराचा प्रश्नही या रूपात नाही. मंदिर पडलं, कोकरू कापता येईना, तेव्हा गुरुजनांपुढे प्रश्न पडला की या रात्रीचं करायचं काय. इ. स. २००च्या आसपास यहूदा हानासीने गालीलात मिश्ना, म्हणजे तोंडी चालत आलेल्या नियमांचा संग्रह, संकलित केली. तिच्या पेसाहीम या भागाच्या दहाव्या अध्यायात या रात्रीची जी मांडणी आहे, ती त्या काळच्या ग्रीक-रोमन श्रीमंतांच्या मेजवानीसारखी दिसते: लोडाला टेकणं, द्राक्षरसाचे ठरलेले प्याले, आधी तोंडी लावायला पाला, मग प्रश्नोत्तरं. गुलामांना टेकून बसायची मुभा नसायची, म्हणून आपण टेकायचं, आज आपण मोकळे. ज्या रोमने मंदिर जाळलं त्याच रोमच्या जेवणघरातून ही बैठक उचलली आणि तिच्यात मिसर सुटल्याची कथा भरली. शेवटी पोरं शोधतात तो ‘अफिकोमान’ हा शब्दच ग्रीक आहे. मिश्नात त्याचा अर्थ मत्साचा, म्हणजे बेखमीर भाकरीचा, तुकडा असा नाहीच, जेवणानंतर ‘अफिकोमान’कडे वळू नका अशी ती मनाई आहे. ज्याची मनाई होती त्याचंच नाव पुढे तुकड्याला मिळालं! एलियाहूचा प्याला तर त्यानंतर कित्येक शतकांनी टेबलावर आला.

हनुक्का या दिव्यांच्या सणाचं तेल, तेही असंच. मक्काबी या ज्यू बंडखोरांनी इ. स. पूर्व १६४ मध्ये मंदिर परत शुद्ध केलं. त्या घटनेला सगळ्यात जवळचा ग्रंथ आठ दिवसांचा उत्सव सांगतो, पण एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं ही गोष्ट त्यात नाही. ती कित्येक शतकांनंतर बाबेलच्या तल्मूदात भेटते.

दूध आणि मांसाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तुमच्या नव्या स्वयंपाकघरात हा विषय रोज निघणार. तोरात तीन वेळा एकच वाक्य आहे: करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको. त्यावरून सगळं मांस आणि सगळं दूध वेगळं झालं. पण कोंबडीचं काय? कोंबडीला आईचं दूध कुठून? गालीलचे रब्बी योसे नेमकं हेच म्हणाले, आणि त्यांच्या गावात पक्ष्याचं मांस दुधाबरोबर खात. तल्मूदाच्या हुल्लीन या भागात एक मजेदार प्रसंग आहे. लेवी नावाचे विद्वान एका घरी गेले, तर पुढ्यात मोराचं डोकं, दुधात शिजवलेलं. ते काही बोलले नाहीत. नंतर गुरूंनी विचारलं, बहिष्कार का नाही घातलास? लेवी म्हणाले, ती जागा रब्बी यहूदा बेन बतेराची, त्यांनी रब्बी योसेंचं मत तिथे शिकवलं असेल असं मला वाटलं. अखेर रब्बी योसेंचं मत मागे पडलं आणि कोंबडीही मांसातच धरली गेली. पण लेवींचं ते गप्प बसणं मला नेहमी आठवतं. दुसऱ्याच्या घरचं ताट विचित्र दिसलं म्हणून लगेच शिक्का मारायचा नाही, यांचे गुरू कोण होते ते आधी विचारायचं.

मांसानंतर दुधासाठी किती थांबायचं, तेही गावागणिक वेगळं. कुठे सहा तास, जर्मन घरांत तीन, डच घरांत एक. आपल्याकडे हा पेच नारळाने सोडवला. मटण नारळाच्या दुधात, रोश हशानाचा चिकाचा हलवाही नारळाच्या दुधात. पोलंडचे रब्बी मोशे इस्सेर्लेस यांनी सोळाव्या शतकात लिहून ठेवलंय की बदामाच्या दुधात मांस असेल तर शेजारी बदाम ठेवा, पाहणाऱ्याचा गैरसमज नको. माझी आजी मटणाच्या पातेल्याशेजारी करवंटी ठेवायची. तिने इस्सेर्लेसचं नावही ऐकलं नव्हतं. करवंटी तिथे मुद्दाम ठेवायची की खवणीवरून उतरून तिथेच पडायची, हे विचारायचं माझं राहून गेलं.

मग कोणीही काहीही आणावं आणि ते ज्यू म्हणावं का? नाही. चाळणी आहे, फक्त ती ‘कुठून आलं’ याची नाही.

या चाळणीबद्दल तल्मूदाच्या पेसाहीममध्ये हिल्लेल या गुरूची गोष्ट आहे. वल्हांडणाची संध्याकाळ शब्बाथला आली. कोकरू कापायचं तर सुरी न्यायला हवी, आणि आदल्या दिवशी कोणी सुरी नेऊन ठेवायला विसरला असेल तर? हिल्लेलला विचारलं. तो म्हणाला, हा नियम मी ऐकला होता, पण विसरलो. इस्राएलला त्यांचं त्यांचं करू दे. ते संदेष्टे नसले तरी संदेष्ट्यांची लेकरं आहेत. दुसऱ्या दिवशी लोक आले ते सुरी कोकराच्या लोकरीत खोचून, करडू असेल तर शिंगांच्या मधे. ते पाहिलं आणि हिल्लेलला नियम आठवला. एवढा मोठा गुरू, आणि लोकांकडे बघून शिकला! तल्मूदात एके ठिकाणी वादाचा निकालच असा आहे: बाहेर जा आणि लोक काय करतात ते बघ.

पण लोकांचं प्रत्येक वागणं टिकलेलं नाही. योम किप्पूरच्या आधी डोक्यावरून कोंबडा फिरवून कापतात, ती चाल थांबवावी असं सफादच्या योसेफ कारोंनी आपल्या शुल्हान आरूख या नियमग्रंथात लिहिलं. त्याच पानावर इस्सेर्लेस म्हणतात, आमच्याकडे ती जुनी आहे, बदलू नये. दोघं एकाच पानावर छापले जातात आणि वाद अजून चालू आहे.

आपल्याकडेही गाळून टाकलेलं बरंच आहे. विधवेने पुन्हा लग्न करायचं नाही ही शेजाऱ्यांकडून आलेली चाल होती, ती गेली. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल हा भेद होता. एकत्र जेवायचे नाहीत, मुली द्यायचे नाहीत. तीही आपलीच ‘परंपरा’ होती, आणि ती गेली हे फार बरं झालं. म्हणून ‘आजीपासून चालत आलंय’ एवढ्यावर मी कधीच थांबत नाही.

मी स्वतः मलिदा म्हणायला बसतो तेव्हा काय बघतो ते सांगतो. प्रार्थना कोणाला चाललीय? एखादं घर म्हणतं, ‘एलियाहूला नवस बोललो होतो.’ मी हळूच दुरुस्त करतो. नवस देवाला, एलियाहूची आठवण. मधला कोणी नाही, हे रम्बाम या मध्ययुगीन गुरूंच्या तेरा तत्त्वांत आहे. एलियाहूचं नाव घेण्यात वावगं काही नाही. तो सुंतेच्या खुर्चीवर असतो, सेदेरच्या, म्हणजे पेसाहच्या रात्रीच्या जेवणाच्या, प्याल्यात असतो, शनिवारी रात्री दारात असतो, मग आपल्या अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा लोकांना दिसल्या तर नवल काय. दुसरं, ताट नैवेद्यासारखं कशापुढे ठेवलं जातंय का? तसं असेल तर मी उचलून मधे ठेवतो. ब्राखा म्हणायची आणि माणसांनी खायचं. तिसरं, ब्राखांचा क्रम आणि त्या मोठ्याने म्हणणं. एवढं जागेवर असेल तर मला त्या ताटात खोट दिसत नाही.

तुमच्यासाठी एक गोष्ट मात्र इकडच्यापेक्षा वेगळी आहे, आणि काकांचा खरा आक्षेप तिथे असू शकतो. आम्ही कोकणातली केळी, पेरू सरळ ताटात ठेवतो. इस्राएलात पिकलेल्या फळांना तेरूमा आणि मआसेरचे नियम लागतात, म्हणजे वाटा बाजूला काढल्याशिवाय फळ खाता येत नाही. कोशेरचा, म्हणजे धर्मनियमांत बसतं असा, शिक्का असलेल्या दुकानातून फळं घ्या आणि शिक्का दिसेल असं करा. खजूर, अंजीर चिरून कीड बघून घ्या. पोहे आणि सुका मेवाही कोशेर शिक्क्याचा. ज्यांना तोरातलं काही हवं असतं अशा पाहुण्यांची निम्मी कुरकुर इथेच संपते, हा माझा अनुभव.

राहिले काका. त्यांच्याशी वाद घालू नका, मिमूनाबद्दल विचारा. पेसाह संपल्याच्या रात्री मोरोक्कन घरं उघडी असतात, मुफलेता या पातळ पोळ्या भाजतात, आणि तिकडे मोरोक्कोत त्या रात्री मुसलमान शेजारी पीठ घेऊन यायचे. तोरात मिमूना कुठे आहे? इस्राएलात नेतिवोतला बाबा साली या मोरोक्कन संतांच्या कबरीवर दरवर्षी हिलूला, म्हणजे उरूसच, भरतो. मोरोक्कोत तर अशा संतांच्या कबरींवर ज्यू आणि मुसलमान दोघंही जायचे. आणि लग्नाआधी मेंदी त्यांच्याकडेही आहेच. हे टोमणा म्हणून विचारू नका. बहुतेक वेळा मोरोक्कन माणूस मिमूनाविषयी बोलायला लागला की त्याचा चेहराच बदलतो, आणि मग त्याला मलिदा आपोआप कळतो.

आजी एवढ्या दुखावल्या त्याचं कारण तुम्हाला कदाचित माहीत नसेल, तुमच्या जन्माच्या खूप आधीचं आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला इस्राएलच्या रब्बी-मंडळाने बेने इस्राएल माणसाच्या लग्नाआधी त्याच्या आजी-पणजीची चौकशी सुरू केली होती, ती ज्यू होती का म्हणून. आपली माणसं रस्त्यावर उतरली, यरुशलेमला धरणं धरून बसली, आणि १९६४ मध्ये आपण सर्वार्थाने ज्यू आहोत हे मान्य झालं. त्या वयाच्या बाईला लग्नाच्या घरात कोणी ‘हे ज्यू नाही’ म्हटलं तर तिला पोहे-नारळाबद्दल ऐकू येत नाही.

तेव्हा मलिदा कराच. फक्त एक काम माझ्यासाठी करा. आजींना विचारून ठेवा की त्यांच्या आईच्या घरी मलिद्यात गूळ असायचा की साखर, आणि वयितेन लेखा कोणी म्हणायचं की नुसता शेमाच. पेणच्या बाजूची जुनी माणसं आता फार थोडी उरलीत, आणि त्या भागाची ही नोंद माझ्या वहीत नाही.